आधी समोरच्याचं

मिस्किटा सरांशी भांडणं अशक्य होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. माझा राग तसा नाकावरच असतो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून, कॉलेजात वेळापत्रकावरून, वाटेत रिक्षावाल्याशी रस्त्यावरून, माझं रोज काही ना काही चालू असतं. मी भूगोल शिकवते, पण वादळ कसं तयार होतं ते पाहायला घरात नकाशा लागत नाही, असं आमचे हे म्हणतात. अशा बाईच्या समोरच्या टेबलावर, अंधेरीच्या त्या कॉलेजात, वर्षानुवर्षं एक माणूस बसत होता. त्याने जन्मभर लढायांचा अभ्यास केला आणि स्टाफरूममध्ये एकही भांडण धड होऊ दिलं नाही.

प्राध्यापक बेंजामिन मिस्किटा, इतिहास विभाग. मरोळ गावठाणातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. उंच, थोडे पोक काढून चालणारे, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला कायम खडूची भुकटी लागलेली. त्यांना समोरासमोर बसायला आवडायचं नाही. कुणी काही बोलायला आलं की ते स्वतःची खुर्ची उचलून त्या माणसाच्या शेजारी नेऊन ठेवायचे. "समोर बसलं की एकमेकांचं तोंड दिसतं मॅडम, आणि तोंड बघून माणूस चिडतो. शेजारी बसलं की दोघांना एकच भिंत दिसते." खुर्ची ओढल्याचा तो कर्र आवाज आला की आम्ही ओळखायचो, आता कुणाचं तरी भांडण हातातून जाणार.

माझं आणि कॉमर्सच्या राणे सरांचं सकाळच्या सातच्या लेक्चरवरून एकदा चांगलंच जुंपलं होतं. आवाज कॅन्टीनपर्यंत गेला असावा. सरांनी खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये आणून ठेवली आणि मला म्हणाले, "कर्णिक मॅडम, तुमचं नंतर. आधी समोरच्याचं सांगा."

हा त्यांचा नियम. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं मांडायचं, आणि असं मांडायचं की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हो, हेच मला म्हणायचंय." तोवर आपल्या बाजूने एक अक्षर बोलायला बंदी.

मी म्हटलं, "राणे सरांना सकाळी उठायचा कंटाळा येतो."

"नाही," राणे म्हणाले.

"राणे सरांना वाटतं, भूगोलाला मुलं येतातच कुठे, सातला ठेवा नाहीतर दुपारी ठेवा."

राणे जरा घुटमळले. "हे थोडंसं बरोबर आहे." सगळी स्टाफरूम हसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अजून एकदा," सर शांतपणे म्हणाले.

"राणे सर विरारहून येतात," मी दातओठ खात म्हटलं, "आणि मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला त्यांच्या घरात दुसरं कुणी नाही."

"हो," राणे म्हणाले. "हेच."

"आता तुमचं सांगा मॅडम," सर म्हणाले. माझं काय राहिलं होतं, कपाळ! ते सेमिस्टर मी सातचं लेक्चर घेतलं, आणि मिस्किटा सरांशी आठवडाभर बोलले नाही. त्यांनी तेही मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या वर्षाला ते एक पेपर शिकवत. युद्ध आणि शांतता यांबद्दल वेगवेगळ्या काळातल्या विद्वानांनी काय विचार केला, असा तो विषय. मुलं यायची ती तलवारी आणि तोफा ऐकायला. सर पहिल्याच तासाला सांगायचे, "लढाई दोन मार्कांची आहे. कोण, कुठे, कधी. बाकीचे अठ्ठ्याण्णव लढाईच्या आधीचे आणि नंतरचे." माझा भूगोलाचा वर्ग त्यांच्या शेजारीच, मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा निम्मा अभ्यासक्रम मला फुकटात ऐकायला मिळाला. फळ्यावर ते तीन रकाने करायचे, भीती, मान आणि फायदा. जगातलं कुठलंही युद्ध आणा, कुठल्या तरी रकान्यात बसतं, बहुतेक वेळा तिन्हींत बसतं. मग म्हणायचे, आता तुमच्या बिल्डिंगमधलं पार्किंगचं भांडण आणा. तेही बसायचं.

आपल्याकडच्या जुन्या राजनीतीने राजाला सहा मार्ग सांगितले होते, हे त्यांचं आवडतं प्रकरण. त्यात पहिला मार्ग संधी, म्हणजे तह, दुसरा विग्रह, म्हणजे वैर. पण त्यांचा जीव होता तिसऱ्यावर. आसन. म्हणजे काहीही न करता टिकून बसणं. "हेसुद्धा धोरण आहे बरं का! घाबरून बसणं वेगळं, ठरवून बसणं वेगळं." ख्रिस्ती धर्मपंडितांनी न्याय्य युद्धाच्या अटी कशा घातल्या आणि प्रत्येक राजाने आपलं युद्ध त्या अटींत बरोबर कसं बसवून घेतलं, हे सांगताना तर त्यांना हसू आवरायचं नाही. मुलं विचारायची, "सर, तुम्ही कुठल्या बाजूचे?" ते म्हणायचे, "माझं मत पेपरात विचारत नाहीत."

पण त्यांना शांततावादी समजाल तर फसाल. एकदा मुलांनी मोठ्या हौसेने पोस्टर केलं होतं, निळं आभाळ, पांढरी कबुतरं, खाली 'आम्हाला शांतता हवी'. सर बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कोणत्या अटींवर?" मुलांची तोंडं उतरली. "अटी न सांगता शांतता मागतो तो एकतर झोपलेला असतो, नाहीतर जिंकलेला." तेव्हापासून मुलं त्यांना पाठीमागे 'अटी' म्हणायला लागली. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

दोन गोष्टी ते दरवर्षी सांगत. एक कलिंगची. कलिंग जिंकणाऱ्या सम्राटाने आपला पश्चात्ताप शिळेवर कोरून ठेवला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. सर पुढचं सांगायचे. तो पश्चात्तापाचा लेख दूरदूरच्या प्रांतांत कोरलेला सापडला, पण खुद्द कलिंगातल्या शिळांवर तो नाही. तिथे त्या जागी दुसराच मजकूर आहे. "का?" असं विचारून ते गप्प बसायचे. विद्वानांची उत्तरं अनेक आहेत, असं म्हणून सगळी सांगायचे, आणि शेवटी हळूच विचारायचे, "ज्याची माफी मागायची, त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगितली, तर ती कुणाची झाली?"

दुसरी गोष्ट वसईची. मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा दोन्हीकडची माणसं अतोनात मेली होती. सूड घ्यायला पुरेपूर कारण होतं. तरी तहात ठरलं की हरलेल्या पोर्तुगीज फौजेने हत्यारांसकट, वाद्यं वाजवत, मानाने बाहेर पडावं. "जिंकणाऱ्याने दार उघडं ठेवलं," सर म्हणायचे. "आमच्यासारखी माणसं जी मागे राहिली ती आपल्या देवळासकट, म्हणजे चर्चसकट, राहिली. म्हणून मी आज इथे उभा राहून तुम्हाला मराठीत शिकवतोय." हे सांगताना त्यांचा आवाज किंचित बदलायचा, आणि भिंतीपलीकडे मी माझे वारे आणि प्रवाह थांबवून ऐकत राहायचे.

एवढा तहांचा अभ्यासक, पण त्यांच्या घरी गेले तेव्हा भलताच प्रकार दिसला. नाताळच्या आधीचा रविवार होता. मरोळच्या त्या गल्लीत त्यांचं बैठं, कौलारू घर, आणि अगदी भिंतीला भिंत लावून सात मजली इमारत. भर दुपारी घरात ट्यूबलाइट लावलेली. मी सहज म्हटलं, "बिल्डरने अगदी अंगावर आणली हो!"

सरांच्या बायकोने, फिलूबाईंनी, माझ्या ताटात गरम फुगे वाढले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, सोबत बाटलीतल्या मसाल्याचं मटण. "खा गं बाय," त्या म्हणाल्या. "बिल्डरनी नाय आणली. यांनीच आणली. विचार त्यांना."

सर काही वेळ पाव मोडत राहिले. मग म्हणाले, "भावाची जागा होती ती. मधल्या अंगणावरून वाद झाला. कोर्टात गेलो. मी जिंकलो." पाव बाजूला ठेवून म्हणाले, "पूर्ण जिंकलो मॅडम. त्याला पाऊल टाकायला जागा ठेवली नाही. कागद सगळे माझ्या बाजूने होते ना! त्याने राहिलेलं विकलं आणि गेला. आई वारली तेव्हा निरोप धाडला, आला नाही."

"जगाला तह शिकवतो," फिलूबाई म्हणाल्या, "नि सख्ख्या भावाचं तोंड पाह्यलं नाय इतकी वर्सं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दुःखच होतं. मी खाली मान घालून जेवले. सरांवर मला दया आली, आणि त्यांच्यावर दया येणं मला मुळीच आवडलं नाही.

मग तो उन्हाळा आला. सीमेवर धग वाढली होती. संध्याकाळी घराघरांतून बातम्यांचा एकच कल्लोळ चालायचा, उपनगरात भोंगे वाजवून हवाई हल्ल्याचा सराव झाला, आमच्या सोसायटीत खिडक्यांना काळा कागद लावायचा की नाही यावर सभा झाली. परीक्षा तोंडावर होत्या म्हणून तिसऱ्या वर्षाचे जादा तास चालू होते. मुलं पुस्तकं उघडायची आणि मोबाइलमध्ये डोकं घालायची. सरांचा विषय असा की तो बाजूला ठेवणंही शक्य नव्हतं. त्या सकाळी भिंतीपलीकडून मला आधी एका मुलीचा चढलेला आवाज ऐकू आला.

"सर, आता बोलणी-बिलणी काही नाही. एकदाच काय ते होऊन जाऊ दे ना!"

ती सायली कदम. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, एरवी शांत.

"ठीक आहे," सर सवयीने म्हणाले. "मग आधी समोरच्याचं सांग."

"समोरच्याचं? मी? नाही सांगणार."

"कुणी सांगेल? नाही? बरं, मग मी सांगतो. हे माझं मत नाही, समोरच्याचं आहे. चुकलं तर थांबवा." आणि ते बोलू लागले. नेहमीसारखंच, 'आम्ही' म्हणून. आम्हाला भीती कशाची वाटते, आमचा मान कुठे दुखावला, आमच्या गावांत रात्री काय ऐकू येतं. इतकं चांगलं ते बोलत होते की मला वाटलं, सर, आता पुरे, आजचा दिवस तरी नको.

दुसऱ्या दिवशी तो 'आम्ही'चा भाग शहरभर फिरत होता. सुरुवात कापलेली, शेवट कापलेला. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, आणि एका गृहस्थांनी मला विचारलं, "हा तुमच्याच कॉलेजातला ना? नावावरून वाटलंच." नावावरून! मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॉलेजच्या गेटवर माणसं जमली होती. घोषणा चालू होत्या, कोपऱ्यात पोलिसांची गाडी उभी होती. सर नेहमीसारखे बसने आले आणि मागच्या दाराने न जाता सरळ गर्दीकडे चालू लागले. मी धावत खाली गेले. एक तरणा माणूस त्यांच्या तोंडाजवळ येऊन ओरडत होता, आणि सर त्याला म्हणत होते, "तुमचं म्हणणं सांगा. मला नीट समजलं की नाही ते मी..." त्याने त्यांना धक्का दिला. चष्मा खाली पडला, आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. नियम तिथे चालला नाही. मी त्यांची बाही धरली आणि ओढत आत आणलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी ओरडले. "ही काय स्टाफरूम आहे?"

"ती ऐकायला आलेली नाहीत," ते नवल वाटल्यासारखं म्हणाले. "खरंच नाही आलेली."

दुपारपर्यंत कळलं की क्लिप सायलीच्या फोनवरून निघाली होती. तिच्या काकांनी कॉलेजकडे तक्रारही केली होती. आणि त्याच वर्गातल्या एका मुलाने मला पूर्ण रेकॉर्डिंग आणून दिलं, 'हे माझं मत नाही' या वाक्यासकट. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. शनिवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक होती, शिक्षकांतर्फे मीच बसणार होते. म्हटलं, आता एकेकाची वाट लावते.

बैठकीआधी व्हरांड्यात मी सरांना ते ऐकवलं. सायलीने मुद्दाम कापलंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. "आणि म्हणे तिचा भाऊ फौजेत आहे," मी म्हटलं. "तिकडेच आहे सध्या, त्याचा फोन लागत नाही. वाईट आहे, पण म्हणून काय कुणाचंही करिअर..."

सर एकदम थांबले. "भाऊ तिकडे आहे?"

"हो. मुली सांगत होत्या."

"मला माहीत नव्हतं." जुना, तडा गेलेला चष्मा त्यांनी काढला, पुन्हा घातला. "मी विचारलंच नाही, मॅडम. ती एवढ्या तळतळून बोलत होती आणि मी विचारलं नाही की का. मी थेट शत्रूचं सांगायला लागलो. समोर ती होती ना?"

"सर, ते राहू दे. हे रेकॉर्डिंग आत दाखवायचं."

"दाखवायचं नाही."

"का?"

"दाखवलं की गेटवरची माणसं तिच्याकडे वळतील. संस्था तिला परीक्षेला बसू देणार नाही. मी जिंकेन, पूर्ण जिंकेन. ते मी एकदा केलंय." मग हात जोडून म्हणाले, "पाया पडतो तुमच्या. फोन पर्समध्ये ठेवा." वयाने एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हटल्यावर मी काय करणार? पण फोन पर्समध्ये ठेवला नाही, मुठीत धरला.

केबिनमध्ये प्राचार्या होत्या, संस्थेचे चिटणीस होते, एका बाजूला सायली आणि तिचे काका. मुलीचा चेहरा रात्र रात्र जागल्यासारखा झाला होता. खालून घोषणा ऐकू येत होत्या. चिटणिसांनी एक कागद पुढे सरकवला. "सर, दोन ओळी आहेत. वाचा. आम्ही मोबाइलवर घेतो, गेटवर ऐकवतो, विषय संपला. सोमवारपासून तुमचे तास चालू."

"कुणाची माफी आहे ही?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांची. जनतेची."

"जिची मागायची ती इथे बसलीय," सर म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि सायलीच्या शेजारी नेऊन ठेवली. काका उठायला लागले, प्राचार्यांनी त्यांना हाताने बसवलं.

"सायली, तुझं म्हणणं मी सांगतो. चुकलं तर थांबव. तुझ्या दादाचा फोन लागत नाही. घरी आईकडे बघवत नाही, म्हणून तू वर्गात येऊन बसत होतीस. आणि तुझा मास्तर फळ्यासमोर उभा राहून, तुझ्या दादावर बंदूक रोखणाऱ्याची बाजू मांडत होता. तुला विचारलंसुद्धा नाही त्याने. हेच ना?"

पंखा खडखडत होता. काका म्हणाले, "बोल ना, घाबरतेस काय?"

"नाही," ती म्हणाली. "हे नाही सर. अजून आहे."

"सांग."

"तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा... मला पटायला लागलं होतं." तिचा आवाज फुटला. "थोडंसंच. पण पटायला लागलं होतं. आणि दादा तिकडे होता."

सरांचा चेहरा पार उतरला होता. ते हळूच म्हणाले, "तुला पटायला लागलं, आणि त्याची तुला लाज वाटली. दादाशी दगा केल्यासारखं वाटलं."

"हो," ती म्हणाली. "हेच."

"मग माझी चूक मला वाटली त्याहून मोठी आहे. मी तुझं आधी सांगायला हवं होतं. मला माफ कर, बाळा."

ती हुंदके देत होती. मग एकदम मान वर करून म्हणाली, "सर, ती क्लिप मी..."

"तुझं झालं," सर झटकन म्हणाले. "हे पाणी पी."

चिटणिसांनी पेन उघडलं होतं. "काय म्हणत होती ती?"

"काही नाही. रडतेय." सरांनी ग्लास तिच्या हातात दिला आणि तसाच तिच्या हातावर हात ठेवून बसले, तिने पुढे बोलू नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मुठीत फोन तापला होता. एक बटण दाबलं की झालं असतं. आजही रात्री कधी जाग आली की मला ते बटण दिसतं. मी ते दाबलं नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटतो की चीड येते, हे मी नक्की सांगू शकत नाही.

"हे काही गेटवर ऐकवता येणार नाही सर," चिटणीस म्हणाले. "कागद वाचा."

"माझी माफी मागून झाली," सर म्हणाले. "दुसरी मला येत नाही."

मग चिटणिसांनी सगळं गोड शब्दांत सांगितलं. सरांचे तास काढून घेतले. पुढच्या वर्षापासून तो पेपरच बंद. निवृत्तीपर्यंत त्यांनी वाचनालयाचं काम बघावं आणि परीक्षेत पर्यवेक्षण करावं. गेटवर प्राचार्यांनी तसं जाहीर केलं, टाळ्या पडल्या आणि माणसं पांगली.

मी जिन्यात सरांना गाठलं. "झालं समाधान? तिला वाचवलंत, तुमचं काय? तुमच्यासाठी कुणी दार उघडं ठेवलं का?"

मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलतील. ते कठड्याला टेकले. "मला फार वाईट वाटतंय मॅडम," ते म्हणाले. "वर्ग गेला माझा." आणि माझ्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांच्या देखत, त्यांनी डोळे पुसले. माझं सगळं भांडण तिथेच विरलं. मी त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

परीक्षा सुरू झाल्या. पर्यवेक्षणात मिस्किटा सर कडक. पेपरभर कधी बसायचे नाहीत, बाकांमधून सारखे फिरत राहायचे, कुणाची कुजबुज झाली की नुसतं बघायचे. त्या दिवशी राज्यशास्त्राचा पेपर होता आणि मी बदली पर्यवेक्षक होते, म्हणजे प्रत्येक वर्गातल्या शिक्षकाला थोडी सुट्टी द्यायची. सरांच्या वर्गाच्या दारात पोचले तेव्हा मला तिसऱ्या बाकावर सायली दिसली. त्या शनिवारनंतर दोघं पहिल्यांदाच एका खोलीत होते. सर तिच्या रांगेतून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघत होते, तिला लिहिताना त्रास नको म्हणून.

तिने हात वर केला. सर तिच्यापाशी गेले, पुरवणी द्यायला वाकले. ती पुरवणी मागत नव्हती. तिने मान वर न करता, ओठ जेमतेम हलवत, काहीतरी सांगितलं. खोली एवढी शांत होती की दारापर्यंत ऐकू आलं.

"सर, दादा बोलला. सकाळी. हॉस्पिटलमधून."

परीक्षेच्या खोलीत बोललेलं सर खपवून घेत नसत. ते ताठ झाले, वर्गाकडे एकदा बघितलं, हातातल्या पुरवण्या सारख्या केल्या. आणि मग तिच्या पुढचा बाक रिकामा होता, त्यावर हळूच बसले, फळ्याकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ करून. तिने पुन्हा लिहायला सुरुवात केली. सरांचे खांदे हलत होते. मी आत गेले नाही.

महिनाअखेरीला त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढच्या पावसाळ्यात ते गेलेच. तेव्हा मी परगावी होते, मला वेळेवर कळलंही नाही. माझ्यासाठी सर म्हणजे ती पाठ, तो बाक.

त्या दिवशी मागच्या रांगेतून कुणीतरी पुरवणी मागितली. सरांना ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा मागितली, तेव्हा मी चपला न वाजवता आत गेले, सरांच्या हातातली एक काढून घेतली आणि त्याला नेऊन दिली.